रस्ता नको म्हणणारं शहर

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून सकाळची गाडी पकडली की तीनेक तासांत आपण कँडीला पोचतो. रंबुक्कनपर्यंत सपाटी, भाताची खाचरं आणि माड. कोकणातल्या माणसाला आपण कुठे आलोय असा प्रश्नच पडू नये. रंबुक्कननंतर मात्र गाडी दमाने चढायला लागते. बोगदे येतात, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. हा कडुगन्नावाचा घाट. ही रेल्वे १८६७ साली कँडीपर्यंत पोचली, तीही प्रवाशांच्या हौसेसाठी नाही, डोंगरातली कॉफी बंदरावर न्यायला. पुढे कॉफीवर तांबेरा पडला, मळे बसले आणि त्या जागी चहा आला.

आज मला सांगायचंय ते या घाटापासूनच सुरू होतं. आपण ज्या वाटेने आरामात कँडीत शिरतो, तशी वाट नसणं हीच या शहराची तटबंदी होती.

कँडी हे नाव परक्यांनी पाडलेलं. मूळ शब्द ‘कंद उड रट’, म्हणजे डोंगरावरचा मुलूख. पोर्तुगीजांनी त्यातलं जेवढं जिभेवर बसलं तेवढं ठेवलं. तिथली माणसं शहराला ‘महनुवर’ म्हणतात, आणि बोलताना नुसतं ‘नुवर’, नगर. उंची म्हणाल तर जेमतेम पाचशे मीटर. महाबळेश्वरच्या निम्मीही नाही. तरी सिंहली राजांच्या या राजधानीने पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा तिघांना दोनशे वर्षांहून जास्त काळ झुलवलं. शत्रू वर आलेच नाहीत असं नाही. आले, जाळपोळ केली, लुटलं, पण टिकता आलं नाही. भोवती दाट जंगल, ताप, जळवा आणि एकामागे एक चालावं लागेल अशा पायवाटा. रॉबर्ट नॉक्स नावाचा इंग्रज या राज्यात जवळजवळ वीस वर्षं कैदेत होता. पळून गेल्यावर त्याने जे लिहिलं, त्यात वाटांवरच्या काटेरी फाटकांचं वर्णन आहे. १८०३ मध्ये इंग्रजांनी शहर घेतलं आणि तापाने खंगलेली त्यांची शिबंदी तिथेच कापली गेली. शेवटी १८१५ मध्ये राज्य गेलं, ते राजाचेच सरदार फुटले म्हणून. आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच्या तीन वर्षं आधी. शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह मदुरेच्या नायक घराण्याशी नातं असलेला. त्याला वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवलं, आणि तो तिथेच वारला. त्यानंतर इंग्रजांनी पहिलं मोठं काम कुठलं केलं? कोलंबोहून वरपर्यंत गाडीरस्ता.

आता शहरात येऊ. मध्यभागी तळं आहे. ते नैसर्गिक वाटतं, पण याच शेवटच्या राजाने १८०७ मध्ये भातखाचरांवर बांध घालून ते करवलं. तळ्याकाठी ढगांच्या नक्षीची पांढरी भिंत आणि अष्टकोनी सज्जा, आणि त्यामागे दळदा मालिगाव, बुद्धाच्या दाताचं मंदिर. कलिंगाची राजकन्या हेमामाली हा दात केसांत लपवून लंकेत घेऊन आली, अशी कथा आहे. ज्याच्याकडे दात, त्याचं राज्य, असा तिथला रिवाज. म्हणून मंदिर राजवाड्याला चिकटून.

इथे बरेच जण हिरमुसतात, म्हणून आधीच सांगतो. दात दिसत नाही. स्तूपाच्या आकाराच्या, एकात एक बसवलेल्या सोन्याच्या करंड्यांच्या आत तो असतो. दिवसातून तीनदा पूजा होते. खाली ढोल आणि सनईसारखं वाद्य वाजू लागतं, वरच्या मजल्यावर दार उघडतं, आणि रांगेतून सरकताना बाहेरच्या करंड्याचं क्षणभर दर्शन होतं. पंढरपूरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथे तो अपमान समजतात.

मालिगावाच्या समोरच, दोन मिनिटांवर, जुनी देवळं आहेत, आणि तिथे बहुतेक पर्यटक जातच नाहीत. विष्णूचं देऊळ. चौदाव्या शतकातलं नाथाचं देऊळ, शहरातली सगळ्यात जुनी वास्तू. हा नाथ म्हणजे आपण कान्हेरीला, अजिंठ्याला पाहतो तो अवलोकितेश्वर. आणि पत्तिनी देवी, म्हणजे नवऱ्याचा अन्यायाने वध झाला म्हणून मदुरा जाळणारी तमिळ कण्णगी. कार्तिकेयाचं देऊळ जरा पलीकडे, बाजारात. एसळ पेरहेरा ही मोठी मिरवणूक मुळात या देवांची. अठराव्या शतकात सयामहून भिक्षू आले, त्यानंतर त्यात पहिला मान दाताच्या करंड्याला मिळाला. एसळ म्हणजे आपला आषाढ, पण मिरवणुकीच्या दहा रात्री जुलै-ऑगस्टमध्ये येतात. पुढे चाबूक ओढणारे, मग मशाली, ढोल, नर्तक, हत्ती. बघायची असेल तर राहायची सोय काही महिने आधी करा. नाहीतर सरळ दुसऱ्या महिन्यात जा. गर्दी नसलेलं कँडी मला तरी जास्त आवडतं.

पेरादेनियाच्या बागेला अख्खा दिवस द्या. महावेली नदीने घातलेल्या वळशात सुमारे साठ हेक्टरांवर ती पसरलीय, १८२१ पासूनची. ताडांच्या उंच रांगा, कलंडलेले पाइन, जोडनारळाची झाडं. एकच जावा अंजीर मैदानभर सावली धरून बसलाय. पण मी तिथे एका झाडापाशी रेंगाळतो. १९०१ मध्ये पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या पाचव्या जॉर्जने लावलेला कैलासपती. झाड दक्षिण अमेरिकेचं. आपण त्याच्या फुलात शिवपिंडी आणि वर नागाचा फणा पाहतो. सिंहली माणूस त्याच फुलात स्तूप पाहतो, झाडाला ‘साल’ म्हणतो आणि फूल बुद्धाला वाहतो. खरा साल वेगळा, हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगून थकले. फूल वाहणारे थकलेले नाहीत.

एखादी दुपार हाताशी असेल तर रिक्षा करून एम्बेक्केच्या देवळात जा. लाकडी खांबांवर मल्ल, हंस, नर्तकी कोरल्यात. ते बघून झाल्यावर मान वर करा: छपराचे सव्वीस वासे एकाच लाकडी खुंटीत येऊन अडकलेत.

शेवटचं ठिकाण उडवत्तकेले. मालिगावाच्या पाठीमागच्या टेकडीवरचं शंभरेक हेक्टरांचं रान. राजाने राखलेलं म्हणून वाचलं. तिकीट काढून आत शिरलं की दहा पावलांत शहराचा आवाज मिटतो. कोकणात ओहोळाच्या काठाने गारंबीचे वेल आणि त्यांच्या हात-हातभर शेंगा पाहिल्या असतील, तोच वेल इथे झाडांवरून माणसाच्या मांडीएवढा जाड होऊन लोंबतो. सकाळी जा, पक्षी दिसतात. पाऊस होऊन गेला असेल तर पायांना मीठ किंवा साबण चोळून जा आणि मोजे विजारीवर ओढा. पोर्तुगिजांना ज्यांनी पिडलं, त्या जळवा अजून नोकरीवर आहेत.

आता चित्रं दाखवतो. मागचे दिवे जरा मालवता का?