मुंगूस दिवसा, उंदीर रात्री

श्रोतेहो, नमस्कार. लहानपणी मुंगूस आडवं गेलं की तुम्ही काय म्हणायचात? आम्ही पोरं त्याच्यामागे धावत ओरडायचो, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" आणि ते खरोखर थांबून मान वळवायचं. शपथेमुळे की आमच्या कालव्यामुळे, ते रामालाच ठाऊक. मला आज खरं तर या मुंगसाचीच गोष्ट सांगायची आहे, पण विषय दिलाय एका बेटाचा. तर आधी बेट.

कॅरिबियन समुद्रात सेंट क्रॉय नावाचं बेट आहे. पूर्वी ते डेन्मार्कचं होतं. 1917 साली अमेरिकेने ते शेजारच्या बेटांसकट अडीच कोटी डॉलरला विकत घेतलं. या सेंट क्रॉयच्या ईशान्येला, दोन-अडीच किलोमीटर समुद्रात, एक चिमुकलं बेट आहे, बक आयलंड. जमीन मोजाल तर 176 एकर. वस्ती नाही. मधोमध एक टेकाड, पश्चिमेला पांढरी पुळण, आणि भोवताली प्रवाळाची भिंत. ही भिंत लाटा बाहेरच अडवते, म्हणून आतलं पाणी ताटात ओतल्यासारखं शांत. 1961 साली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी हे बेट आणि त्याचं प्रवाळ संरक्षित केलं, 2001 मध्ये हद्द वाढवण्यात आली, आणि आज ती 19,000 एकरांच्या घरात आहे. बहुतेक सगळी पाण्याखाली! तिथे पाण्यातली पायवाटसुद्धा आहे. तोंडात नळी धरून तरंगत जायचं आणि तळाशी रोवलेल्या पाट्या वाचायच्या. पुण्याच्या पाट्यांपेक्षा त्या नक्कीच सौम्य असणार.

झालं बेट. आता मुंगूस.

एकोणिसाव्या शतकात कॅरिबियनच्या या बेटांवर ऊसच ऊस. आणि ऊस आला की उंदीर आलाच, हे आपल्या बागायतदारांना मी काय सांगू? जमैकात एस्प्यूट नावाचे एक मळेवाले होते. उंदरांनी त्यांना जेरीस आणलं होतं. विष झालं, सापळे झाले. शेवटी 1872 साली त्यांनी थेट कलकत्त्याहून मुंगसं मागवली. किती? फक्त नऊ. चार नर, पाच माद्या. आपल्या अंगणात दिसतं ते करडं मुंगूस नव्हे, त्याचा धाकटा भाऊ म्हणा. डोळ्यांसमोर आणा, बोटीवर पिंजरे, पिंजऱ्यांत ही नऊ बिऱ्हाडं, आणि बाहेर महिनोन्महिने नुसता समुद्र!

सुरुवातीला वाहवा झाली. उंदीर घटले. एस्प्यूटसाहेबांनी दहा वर्षांनी लंडनच्या प्राणिशास्त्राच्या मंडळापुढे आपल्या मुंगसांचं कौतुक लिहून पाठवलं. मग बेटाबेटांवरून मागणी आली, आणि 1880च्या दशकात मुंगूस सेंट क्रॉयला पोचलं, पुढे बक आयलंडवरही. आता मेख ऐका. मुंगूस दिवसा हिंडतं. उंदीर रात्री हिंडतो. पुन्हा सांगते, मुंगूस दिवसा, उंदीर रात्री. एकाची पाळी संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते! त्यातून तिथले उंदीर झाडावर राहायला शिकले, आणि मुंगूस झाडावर चढण्यात यथातथाच.

मग मुंगसाने खावं तरी काय? जमिनीवर जे सापडेल ते. पक्ष्यांची अंडी, कोंबडीची पिल्लं, सरडे. आणि वाळूतली कासवाची अंडी. बक आयलंडच्या पुळणीवर ससाण्यासारख्या चोचीची हॉक्सबिल कासवं येतात. मादी एका खेपेला शंभर-दीडशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. मुंगसाला तर पंगत मांडून दिल्यासारखंच. इकडे सेंट क्रॉयवर एक जमिनीवरचा सरडा होता. पाठीवर पट्टे, शेपटीला निळसर-काळी कडी, दिवसभर पालापाचोळा उकरणारा. म्हणजे मुंगसाच्याच पाळीतला. तो मोठ्या बेटावरून साफ गेला, बक आयलंडवरूनही गेला. राहिला फक्त जवळच्या दोन इवल्या बेटांवर, जिथे मुंगूस कधी पोचलंच नव्हतं.

आणि बरं का, इंग्रजीत ज्याला 'मंगूस' म्हणतात ना, तो शब्द आपल्या मराठीतून गेलाय. आपलं मुंगूस! आपले शब्द साता समुद्रापार गेले म्हणून आपण छाती फुगवतो. हा शब्द मात्र तिकडच्या सरड्यांनी ऐकला असता तर हात जोडले असते. माझं तर म्हणणं असं, की मुंगसाला दोष देण्यात अर्थ नाही. पाळण्याशेजारच्या मुंगसाच्या गोष्टीतही चूक त्याची नव्हतीच. घागर टाकली ती माणसानेच.

घड्याळ पुढे सरकलंय, प्रवाळाचं थोडक्यात सांगते. इथलं नावाजलेलं प्रवाळ म्हणजे एल्कहॉर्न, सांबराच्या शिंगांसारखं, रुंद फांद्यांचं. 1970च्या दशकापासून पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने त्याचा फडशा पाडला, 1989 मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने उरलंसुरलं मोडलं, आणि 2005 मध्ये पाणी इतकं तापलं की प्रवाळं पांढरी पडली. प्रवाळ हा जीव आहे, दगड नव्हे. जीव आहे! जाता जाता, बोटात मंगळाचं पोवळं घालणाऱ्यांनो, तुमचं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, पण तेही समुद्रातून खुडूनच आणतात. मंगळाला त्याचं काय सोयरसुतक, मला अजून कुणी समजावलेलं नाही.

तर बक आयलंड. 1980च्या दशकात सापळे लावून तिथली मुंगसं काढली. मग उंदीर काढले. 1988पासून उन्हाळ्याच्या रात्री माणसं पुळणीवर गस्त घालतात, अंडी घालायला आलेल्या कासविणीच्या पायाला खुणेचा बिल्ला लावतात. आणि 2008 साली त्या दोन इवल्या बेटांपैकी एकावरून 57 सरडे आणले. सत्तावन्न! आधी त्यांना कुंपणं घालून ठेवलं, नवी जागा अंगवळणी पडली तसं मोकळं सोडलं. पाच वर्षांनी मोजदाद केली, तर अंदाज हजाराच्या वर गेला. ऊन तापलं की अजूनही ते बाहेर येतात, पाचोळा उकरतात. दिवसाढवळ्या.

नमस्कार.