रात्रीची गोळी सकाळी चालेल का?

नमस्कार श्रोतेहो. एचआयव्हीची औषधं नेमानं घेणारी, रिपोर्ट चांगले असलेली, पण रात्री दोन वाजता आढ्याकडं बघत पडलेली माणसं आपल्या मराठवाड्यात गावोगाव आहेत. आज त्यांच्याशी बोलायचंय. जगभरच्या अभ्यासांत एचआयव्ही असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांनी झोपेची तक्रार सांगितलीय. आपल्याकडं मात्र एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, देणाऱ्या केंद्रात वजन होतं, खोकल्याची चौकशी होते, व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातले विषाणू मोजायच्या तपासणीची, तारीख ठरते, आणि झोपेचं तेवढं राहून जातं. एवढ्या मोठ्या दुखण्यात झोपेचं काय गाऱ्हाणं सांगायचं, असं आपल्यालाही वाटतं.

पहिल्यांदा गोळीचं बघू. सरकारनं २००४ साली ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पुढं बरीच वर्षं एकत्रित गोळीत इफाविरेन्झ नावाचं औषध होतं. त्यानं गरगरायचं, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. तेलातुपाच्या जेवणावर घेतली तर जास्तच. म्हणून ‘झोपताना घ्या’ असं सांगितलं जायचं. आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली गोळी मिळते. ती रात्रीच घ्यायला हवी असं काही नाही. उलट हिच्यानं काहींची झोप उडते, आणि सकाळी घेतली की बरं वाटतं. पण औषध बदललं तरी वेळ जुनीच राहिली.

ती का राहिली, हेही सांगतो. रात्री सगळे झोपले की डबी काढता येते. सासू बघत नाही, जाऊ विचारत नाही. ऊसतोडीच्या कोपीत तर दोन कुटुंबांमध्ये पाचटाची एक भिंत. तिथं गोळी अंधारातच गिळली जाते. म्हणून ‘सकाळी घ्या’ म्हणणं केंद्रातल्या खुर्चीवरून सोपं आहे. माझं म्हणणं, ही लपवण्याची अडचणच समुपदेशकाला उघड सांगा. पहाटे फडात निघताना घ्यायची की दुपारच्या भाकरीबरोबर, ते दोघांनी मिळून ठरवता येतं. आपला आजार आपल्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. वेळ मनानं बदलू नका, विचारून बदला. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तेही सांगा. या गोळ्या उपाशीपोटी एकत्र घेतल्या तर डोल्युटेग्राविर अंगात नीट शोषलं जात नाही.

आणि झोप येत नाही म्हणून एआरटी बंद? ते मुळीच नको. विषाणू परत डोकं वर काढतो.

सगळाच दोष गोळीचा नसतो, बरं का. ज्याच्या शिवारात मोटारीची लाईट रात्री येते, तो बाराला उठून दारं धरायला जाणार. गाडी भरायला ट्रक कधी येईल ते मुकादमालाही ठाऊक नसतं. अशा माणसाला ‘रोज दहाला झोपा’ म्हणणं म्हणजे थट्टाच. त्यानं दिवसा जमेल तेव्हा झोप भरून काढावी. ज्यांची रात्र आपल्या हातात आहे, त्यांनी उठायची वेळ एकच ठेवावी, दिवस कललेला असताना चहा टाळावा, आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर कूस बदलत न पडता उठून बसावं. दारूनं गुंगी येते, पण मध्यरात्री तीच जागं करते.

मेडिकलमधून झोपेच्या गोळ्यांची पट्टी आणणाऱ्यांना मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिली एआरटी लागू पडेनाशी झाली की देतात त्या दुसऱ्या टप्प्याच्या औषधांत बऱ्याचदा रिटोनाविर असतं. त्याच्याबरोबर अल्प्राझोलामसारख्या गोळीचा अंमल वाढतो आणि लांबतो. चिठ्ठीशिवाय ती घेऊच नका.

रात्री अंग घामानं भिजत असेल, ताप किंवा खोकला असेल, वजन उतरत असेल, तर झोपेचा विचार बाजूला ठेवून आधी टीबीची तपासणी करून घ्या. घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास अडकतो, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि काळजी, लेकराच्या लग्नाची, ‘गावात कळलं तर’ची, तिनंही झोप जाते. मन सतत उदास असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, तडक डॉक्टरांकडं जा. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

बाकीच्यांनी पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा एवढं सांगायचं: गोळी किती वाजता घेतो, झोप कधी लागते, जाग कधी येते, आणि ही नवी गोळी चालू झाल्यापासून यात फरक पडला का. कारखान्यावर जाणार असाल तर हे निघायच्या आधीच सांगा, म्हणजे तिकडं जवळच्या केंद्रातून औषध मिळायची सोयही त्याच खेपेला लावून घेता येईल. नमस्कार.