मशीदचं बंदर कुठंय?

[मशीद स्थानक, सकाळची गर्दी. पादचारी पुलावरून दिसणारी पाटी.]

फलाटावरच्या पाटीवर एकच शब्द आहे. मशीद. पण पूल उतरून हातगाडीवाल्याला विचारा, टॅक्सीवाल्याला विचारा, सुक्यामेव्याच्या दुकानातल्या शेठना विचारा. सगळे दोन शब्द बोलतात: मशीद बंदर. रेल्वेनं गाळलेला दुसरा शब्द लोकांनी बोलून बोलून टिकवलाय.

पुलावर आमच्या माइकनं एका लहान मुलीचा आवाज टिपला. आईचा हात धरून ती विचारत होती, "मम्मी, इधर बंदर किधर है?" ती माकड शोधत होती.

तिचं काही चुकलं नव्हतं. हिंदीत बंदर म्हणजे माकड, आणि तो शब्द संस्कृत वानरापासून आलेला. आपलं बंदर आलं फारसीतून. दोन वेगळी कुळं, उच्चार मात्र एक. म्हणून हिंदीनं जहाजांच्या बंदराला शेपूट जोडलं आणि बंदरगाह केलं, ईदगाह किंवा चरागाह म्हणतात तसं. मराठीला ती गरज पडली नाही. आपल्याकडे माकड होतं, वानर होतं, कोकणात वांदर होतं. बंदर हा शब्द समुद्रासाठी मोकळा राहिला. गुजरातीतही वांदरो वेगळा आणि बंदर वेगळं, म्हणून पोरबंदर ऐकून तिथं कुणी हसत नाही. आपल्या वांद्र्याचं मूळसुद्धा बंदरच असावं, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर या शहरात माकड आणि बंदर एकाच नावात येऊन मिसळलेत.

[बाजारातलं दुकान. बाजूबंद बांधणारे हात.]

फारसीत बंद म्हणजे बांधणं, अडवणं. बाजूबंद, कमरबंद, पाण्याचा बांध. संस्कृतातला बंध हा त्याचा सख्खा भाऊ. बंदर याच घराण्यातलं मानतात. जिथं पाणी अडतं, जिथं नाव बांधता येते, ती जागा.

[सॅम्युअल स्ट्रीट. शार हारहमीमचा दर्शनी भाग, आतले दिवे.]

बंदराकडे जायच्या आधी इथं थांबायलाच हवं. हे शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग 1796 साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. दिवेकर हे आडनाव कोकणातल्या गावावरून आलेलं. ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू माणसं, घरात मराठी बोलणारी, आणि आपल्या प्रार्थनाघराला तीही मशीदच म्हणत. स्थानकाच्या नावातली मशीद ती हीच, असं इथली जुनी माणसं सांगतात. हिब्रू प्रार्थना, अरबी मशीद, फारसी बंदर, आणि बोलणारं तोंड मराठी.

[कॅमेरा पूर्वेकडे चालतो. पी. डिमेलो रोड. ट्रक. लांबलचक भिंत.]

आता बंदर शोधू. रूळ ओलांडून पूर्वेला गेलं की पी. डिमेलो रोड लागतो. त्यापलीकडे भिंत. भिंतीच्या वर क्रेनची मान दिसते. समुद्राचा खारट वास येतो, पण पाणी दिसत नाही.

[जुनी छायाचित्रं: शिडाची गलबतं, डोक्यावर पोती घेतलेले हमाल.]

हा किनारा मुळात चिखलाचा. ओहोटीला नाव चिखलात बसायची. मोठं जहाज किनाऱ्याला येऊच शकत नव्हतं. ते खाडीत नांगर टाकून उभं राहायचं आणि मचवे, पडाव त्याच्या पोटातला माल घेऊन ये-जा करायचे. त्या मचव्यांना टेकायला जागा लागे. मग चिखलात दगडी भिंत घालायची, मागे मुरुमाचा भराव टाकायचा, पुढे पायऱ्या काढायच्या. झालं एक बंदर. शेजारी दुसरं. जो माल जिथं उतरे, त्याचं नाव त्या जागेला चिकटे.

[आजची ठिकाणं एकामागून एक: गल्ल्यांच्या पाट्या, बसथांबे, गोदामांचे दरवाजे.]

दाणा बंदर. लकडी बंदर. कोळसा बंदर. कौला बंदर. गवताच्या गंजींचं हे बंदर, इंग्रजी 'हे' म्हणजे वाळलेलं गवत. चिंच बंदर, जिथं आता चिंचही नाही आणि लाटही नाही. मॅलेट आणि कर्नाक ही साहेबांच्या नावाची. कर्नाक हा 1839 ते 1841 या काळातला गव्हर्नर. त्याच्या नावाचा पूल पाडला गेला आणि 2025 मध्ये तिथला नवा पूल सिंदूर नावानं खुला झाला. अपोलो बंदर हे तर मूळचं पालवा. ग्रीक देवाचा तिथं काही संबंध नाही, मराठी नाव इंग्रजी कानाला तसं ऐकू आलं. गेटवेवर उभं राहून किती जणांना माहीत असतं, की आपण पालव्यावर उभे आहोत?

या नावांचा नकाशा कुठल्याही सरकारी पाटीपेक्षा खरा आहे. या शहरानं काय खाल्लं, काय जाळलं, कशाखाली झोपलं, ते त्यात लिहिलंय.

[छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. घुमट. गर्दीचा झोत.]

आणि हे बोरीबंदर. 16 एप्रिल 1853 ला पहिली आगगाडी इथूनच ठाण्याला निघाली. 14 डबे, 400 पाहुणे, 34 किलोमीटर, आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. ही भव्य इमारत त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी उभी राहिली. तेव्हा होतं ते लाकडी स्थानक आणि शेजारचं बंदर. रेल्वे निघाली ती बंदरातून, कारण आतल्या मुलखातला माल पाण्यापर्यंत आणायचा होता. स्थानकाला व्हिक्टोरियाचं नाव मिळालं, नंतर महाराजांचं मिळालं. आमच्या आजीच्या पिढीनं मरेपर्यंत बोरीबंदरच म्हटलं.

[नकाशा. मुंबईपासून निघालेली रेघ पश्चिमेला, मग पूर्वेला.]

आता हा शब्द किती लांब पोचलाय, ते पाहा. इराणात बंदर अब्बास, शाह अब्बासच्या नावाचं. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जा. मोंबासात स्वाहिली बोलणारा माणूस बंदराला बंदारी म्हणतो. कराचीच्या मुख्य रस्त्याला कागदोपत्री दुसरं नाव मिळालं, तरी लोकांच्या तोंडी तो बंदर रोडच. आंध्रातलं मछलीपट्टणम आजही नुसतं बंदर म्हणून ओळखलं जातं, आणि तिथला लाडू म्हणजे बंदर लाडू.

मलाक्काच्या सुलतानाकडे परदेशी व्यापाऱ्यांवर देखरेख करायला चार शाहबंदर होते, म्हणजे बंदराचे अधिकारी. त्यातला एक खास गुजराती व्यापाऱ्यांसाठी. आपल्या किनाऱ्यावरून गेलेली माणसं इतकी होती. पुढे मलायमध्ये एक मोठी गोष्ट घडली. बंदर म्हणजे नुसता धक्का राहिला नाही, बंदर म्हणजे शहर झालं. ब्रुनेईच्या राजधानीचं नाव 1970 पासून बंदर सेरी बेगावान. इंडोनेशियात तर विमानतळाला बांदारा म्हणतात: बंदर उदारा, हवेचं बंदर. जिथून माणसं येतात-जातात, ते सगळं बंदर.

इंग्रजांनीही तो उचलला. मुंबईच्या खाडीत जहाजापर्यंत माणसं नेणारी होडी त्यांच्या बोलण्यात बंडर-बोट झाली. हिंदुस्थानी 'बंद' त्यांच्यासोबत चीनला गेला आणि शांघायच्या नदीकाठचा तो प्रसिद्ध रस्ता बंड झाला.

[भाऊचा धक्का. पहाटेचा अंधार, बोटींवरचे दिवे.]

इथं पोचल्यावर आम्ही कॅमेरा तीन तास बंद केला नाही.

लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांना लोक भाऊ म्हणत. त्यांनी एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला, आणि ती जागा हलली तरी नाव सोबत आलं. बोटी लागतात त्या एकमेकींना खेटून, तीन-तीन, चार-चार ओळींत. पहिल्या बोटीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर पाय टाकत खलाशी बाहेर येतात. बर्फातून मासळी वर येते, पाट्या हातोहात सरकतात. म्हाकूल वेगळं, बांगडा वेगळा, करंदीचा वेगळा ढीग. कोळणी उकिडव्या बसून नुसत्या बोटानं भाव तपासतात. लिलाव सुरू झाला की आकडे इतक्या वेगानं पडतात की आम्हाला एकही धड ऐकू आला नाही. त्यांना सगळे ऐकू येतात.

यांच्या बोलण्यातही समुद्रापारचे शब्द आहेत. नाखवा हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा स्वामी. आणि बंदर तर रोजचंच. "बोट बंदराला लागली." "आज बंदरात मासळी नाही." वादळाची सूचना आली की पेपरात छापून येतं, बंदरावर तीन नंबरचा बावटा लावला. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा त्या बोटी बंदरातच.

[भिंतीपलीकडची कंटेनरची रास, लांबून.]

1873 मध्ये बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट आला, मग गोद्या बांधल्या गेल्या. 1989 ला न्हावा-शेवाचं नवं बंदर सुरू झालं, माल खाडीपलीकडे गेला, जुन्या दोन गोद्या बुजवल्या, गोदी कामगार घरी बसला.

[धक्क्याची दुसरी बाजू. मोरा, रेवसची लाँच.]

भिंत नसलेला असा काठ या बाजूला विरळाच. उरणच्या मोऱ्याला जाणारी लाँच इथून सुटते. तिकीट काढून कुणालाही पाण्यापर्यंत जाता येतं. पूर्वेच्या सगळ्या किनाऱ्यावर हे असंच असायला हवं, दाणा बंदरापासून हे बंदरापर्यंत. ज्यांच्या तोंडी ही नावं आहेत, त्यांच्या पायाला ते पाणी लागलं पाहिजे.

मशीदच्या पुलावर भेटलेली मुलगी आणि तिची आई पुढे बाजारात गेली. त्यांना आम्ही इथला पत्ता सांगितला होता.

[लाँच धक्क्याला लागते. खलाशी दोर फेकतो, दुसरा झेलतो, लोखंडी खुंटाला दोन वेढे देतो. फक्त आवाज.]