आरएम मारला, तरी डिस्क भरलेलीच

नमस्कार. मला सांगितलंय की उपयोगी कोड स्निपेट्सवर, म्हणजे हाताशी ठेवायच्या छोट्या कमांडवर बोला, आणि बऱ्याच जणांनी आत्ताच मोबाइल वर धरलेत, म्हणजे मी स्क्रीनवर पन्नास कमांड टाकणार आणि तुम्ही फोटो काढून घरी जाणार. त्याने काही होत नाही हो, माझ्याच फोनमधे असे दोनेकशे फोटो पडलेत, एकही परत उघडलेला नाही. माझ्याकडे एक साधी टेक्स्ट फाइल आहे, दहा-बारा वर्षं त्यात भर घालतोय, तिच्यातल्या लिनक्स सर्व्हरवरच्या चारपाच ओळी सांगतो आणि ती ओळ तिथे का आली ते पण सांगतो, कारण मार खाल्लेला आठवला की कमांड आपोआप आठवते.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारी एक साइट मी सांभाळायचो. क्लायंट ओळखीतले, आम्ही काकाच म्हणायचो. वसुबारसेच्या संध्याकाळी काकांचा फोन, "अरे, लोक लॉगिन करतायत आणि परत लॉगिनचंच पान येतंय, इकडे चकल्या तळून बसल्यात." मी सर्व्हरवर शिरलो, डिस्क किती भरली ते दाखवणारा डीएफ डॅश एच मारला, ४० जीबीची डिस्क, १०० टक्के भरलेली. साइट चालवणाऱ्या पीएचपीला सेशनची, म्हणजे कोण लॉगिन झालंय याची नोंद ठेवणारी, फाइल लिहायलाच जागा नाही, म्हणून लॉगिन झालं रे झालं की साइट माणसाला विसरत होती. एररमधे कुठेही लॉगिनचा दोष नव्हता, लक्षात घ्या, डिस्क भरली की रोग एकीकडे आणि दुखतं भलतीकडे.

मग जागा कोणी खाल्ली. कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली ते सांगणारी ओळ अशी आहे: डीयू, डॅश एक्सएच, डॅश डॅश मॅक्स-डेप्थ इक्वल टू १, स्लॅश, आणि ते पाइप करून, म्हणजे पुढच्या कमांडला देऊन, सॉर्ट डॅश एच. सगळ्यात खाली एकूण बेरीज येते, तिच्या लगेच वर सगळ्यात मोठं फोल्डर, त्यात शिरायचं, परत तेच. तो एक्स विसरू नका, नाहीतर माउंट केलेली बॅकअपची डिस्कपण मोजत बसेल आणि तुम्ही चहा पिऊन आलात तरी संपणार नाही. तर सापडला इंजिनएक्सचा, म्हणजे वेब सर्व्हरचा, लॉग, २२ जीबी. बारीकसारीक सगळं लिहिणारी डिबग लेव्हल आठवड्यापूर्वी मीच चालू केली होती, लॉग पण वेगळ्याच फोल्डरमधे टाकला होता, म्हणजे जुने लॉग आपोआप काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटला त्याचा पत्ताच नाही.

आणि मी काय केलं, तर आरएम, फाइल डिलीट करणारी कमांड. फाइल गायब. परत डीएफ बघतो तर १०० टक्केच! घाम फुटला. दुसरं काही उडवू का, असं हात शिवशिवायला लागले, आणि खरे अपघात होतात ते याच दहा मिनिटांत.

झालं काय होतं, तर लिनक्समधे आरएम फक्त नाव काढतो. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू जात नाही तसं, इंजिनएक्सने ती फाइल उघडून धरलेली होती, तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. अशा बिननावाच्या फाइली दाखवणारी ओळ म्हणजे एलएसओएफ प्लस एल१, कॅपिटल एल. ती मारली, २२ जीबीच्या पुढे डिलीटेड लिहिलेलं दिसलं, इंजिनएक्स रीलोड केला, तो लॉग नव्याने उघडतो, जागा परत आली. त्याआधी इंजिनएक्स डॅश टी, नेहमी, कॉन्फिगमधे एक सेमिकोलन राहिला असेल तर ते इथेच कळतं. चालू लॉग उडवायचाच असेल तर आता मी ट्रंकेट डॅश एस ० वापरतो, फाइल तिथेच राहते, फक्त रिकामी होते.

कधीकधी डीएफमधे जागा दिसते आणि तरी फाइल लिहिता येत नाही. तेव्हा डीएफ डॅश आय. आयनोड, म्हणजे दर फाइलीमागे एक लागणारी नोंद, संपलेले असतात, बारक्या बारक्या लाखो फाइली. सेशनचा फोल्डर बदललात तर डेबियन लिनक्सची नेहमीची साफसफाई तिकडे फिरकेलच असं नाही, मला हे दोनदा झालंय.

आता डिलीट करणाऱ्या ओळींबद्दल. जानेवारी २०१५मधे लिनक्सवरच्या स्टीमची, म्हणजे गेम विकणाऱ्या ॲपची, एक भानगड उघडकीला आली, त्यांच्या शेल स्क्रिप्टमधे न विचारता सगळं उडवणारा आरएम डॅश आरएफ, मग फोल्डरचं नाव धरणारं एक व्हेरिएबल, स्लॅश आणि स्टार असं होतं. व्हेरिएबल रिकामं निघालं की उरतं काय, नुसतं स्लॅश-स्टार, म्हणजे अख्खी डिस्क! लोकांच्या फाइली गेल्या. गंमत म्हणजे लिहिणाऱ्याने वर कॉमेंट टाकली होती, "स्केरी". भीती वाटली, कॉमेंट लिहिली आणि पुढे गेला, आपण सगळे असेच आहोत. उपाय दोन चिन्हांचा आहे, महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावानंतर लगेच कोलन आणि प्रश्नचिन्ह, मग रिकामं असलं की स्क्रिप्ट तिथेच थांबते.

आणि ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब, लोकांचा कोड ठेवणारी साइट. रात्री उशिरा, दमलेला इंजिनिअर, डेटाबेसचे दोन सर्व्हर, दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर उडवायचं होतं ते मुख्यवर उडवलं. एकदोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जीबीतले साडेचारच उरले होते. बॅकअप? डेटाबेसचा बॅकअप काढणारा पीजी-डंप चुकीच्या व्हर्जनमुळे फेल होत होता, आणि फेल झाल्याच्या मेल पोचतच नव्हत्या. वाचवलं ते साधारण सहा तास आधी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या तेव्हाच्या प्रतीने. हे सगळं त्यांनीच उघडपणे लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. तेव्हापासून माझ्या लाइव्ह सर्व्हरचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या आधी दिसणारा मजकूर, लालभडक असतो, सर्व्हरच्या नावासकट. बाकी सगळे हिरवे.

बॅकअपवरून शेवटची ओळ, आणि ही तुम्हाला चावणार म्हणजे चावणारच. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून आपण डेट प्लस पर्सेंट एफ लिहितो. टर्मिनलवर झकास चालतं. तीच ओळ क्रॉनटॅबमधे, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, टाकली की बॅकअप बंद, कारण क्रॉनटॅबमधे पर्सेंट म्हणजे नवी ओळ, तुमची कमांड तिथेच तुटते. पर्सेंटच्या आधी बॅकस्लॅश द्या, किंवा सरळ सगळं एका स्क्रिप्टमधे टाका आणि क्रॉनला स्क्रिप्ट चालवू द्या, मी हेच करतो. आणि वेळ बघा, सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असतो, रात्री दोनचा बॅकअप म्हणून लावलात तर तो आपल्या सकाळी साडेसातला निघतो.

काकांच्या सर्व्हरवर तो पर्सेंट होता. डिस्क मोकळी करून झाल्यावर मी बॅकअपचा फोल्डर उघडला, सगळ्यात नवी फाइल गणपतीतली होती.