एक माकड, एक पतंग

[दृश्य : कमाटीबाग, माकडांच्या पिंजऱ्यापुढची गर्दी]

वडोदऱ्याच्या कमाटीबागेत रविवारी माकडांच्या पिंजऱ्यापुढे उभं राहायला जागा नसते. संध्याकाळी दिव्याभोवती घिरट्या घालणारी पाखरं मात्र कुणी बघत नाही. अंगावर आली तर झटकतात, बस. आज दोन्हीकडचा एकेक जण घेऊ. दोघंही इथले नव्हेत.

[दृश्य : टॅमरिन, जवळून]

हा कॉटन-टॉप टॅमरिन. वायव्य कोलंबियाच्या जंगलातला, वजनाला जेमतेम चारशे-साडेचारशे ग्रॅम, डोक्यावर पिंजलेल्या कापसासारखा तुरा. पिलं बहुधा जुळी होतात आणि त्यांना पाठीवर वागवायचं काम बरंचसं बापाकडे.

[दृश्य : पंख पसरलेला पतंग]

आणि हा अ‍ॅटलास पतंग. आसामपासून इंडोनेशियापर्यंत आढळतो. पंख पसरले की २४ सेंटिमीटरपर्यंत भरतात. शेपूट सोडलं तर टॅमरिनचं अंगही जवळपास तेवढंच! पंखांच्या टोकांवरची नक्षी थेट नागाच्या डोक्यासारखी. मोठेपणी हा काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडा-दोन आठवडे काढतो, तेवढ्यात जोडीदार मिळाला तर मिळाला.

दोघांचं वर्णन लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली एकाच ग्रंथात केलं. सृष्टी एकच, प्राण्यांची. पण संघापाशीच, म्हणजे वर्गीकरणाच्या पुढच्याच पायरीवर, वाटा फुटतात : टॅमरिनला पाठीचा कणा, पतंग संधिपाद, म्हणजे सांध्यासांध्यांच्या पायांचा. पुढे एक सस्तन, दुसरा कीटक. टॅमरिन मार्मोसेट या चिमुकल्या माकडांच्या कुळातला, तर अ‍ॅटलास टसर आणि मुगा रेशमाच्या पतंगांचा भाऊबंद.

[दृश्य : तोडलेलं जंगल]

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत टॅमरिन 'अतिसंकटग्रस्त' आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत २० ते ४० हजार टॅमरिन अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी नेले गेले. उरलेल्यांचं जंगल शेतीने आणि गुरांच्या कुरणांनी खाल्लं. पुढे मोजणी झाली ती मोठी मजेशीर : त्यांच्याच आवाजाची टेप वाजवायची आणि कोण बघायला येतं ते मोजायचं. आकडा ७,४००च्या आसपास निघाला.

अ‍ॅटलासची तशी मोजदादच नाही. यादीसाठी त्याचं मूल्यमापन झालेलं नाही, आणि बहुतेक पतंगांची हीच गत. याचा अर्थ 'सुखरूप आहे' असा लावतात, तो मला पटत नाही. माकडाला निदान मोजणारं कुणी भेटलं.

पतंग बघायला फारसं काही लागत नाही : पावसाळी रात्र, पांढरी चादर, तिच्यापुढे दिवा. वडोदऱ्यात अ‍ॅटलास येणार नाही, पण हिरव्या-गुलाबी पंखांचा कण्हेरीवरचा हॉक मॉथ येऊ शकतो. अंगणात कण्हेर असेल तर आधी पानं उलटून बघा. त्याची जाडजूड हिरवी अळी तिथेच सापडेल.