वाइड लेन्स निवडावी पायाजवळच्या जमिनीवरून

(साताऱ्यातल्या हौशी छायाचित्रकारांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मिडियम फॉरमॅटकडे, म्हणजे नेहमीच्या पस्तीस एमएमपेक्षा मोठी फिल्म किंवा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याकडे, नव्यानं वळलेला माणूस भेटला की हमखास विचारतो, "कासचं अख्खं पठार एका फ्रेममध्ये बसेल अशी लेन्स सांगा." लेन्स सांगता येते. पण पठार बसवल्यावर त्यात बघण्यासारखं काय उरतं, ते आधी आकड्यांत पाहू.

समजा, समोर 300 मीटर उंच डोंगर आहे आणि तुम्ही त्याच्यापासून 5 किलोमीटरवर उभे आहात. सहा बाय सहाच्या, म्हणजे नावाला सहा सेंटिमीटरची चौरस फ्रेम देणाऱ्या, कॅमेऱ्याला 50 एमएमची लेन्स लावलीत (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी), तर फिल्मवर डोंगराची उंची येते 3 मिलिमीटर. फ्रेम आहे 56 मिलिमीटरची. 40 ची लेन्स लावली तर अडीच मिलिमीटरसुद्धा भरत नाही. 80 ची, म्हणजे नॉर्मल, लावली तर जवळपास 5. आणि 150 ची लावली तर 9. आता त्याच 50 एमएमनं एक मीटरवरचा, अर्धा मीटर उंच जांभ्याचा दगड घ्या. तो येतो 25 मिलिमीटर. डोंगर 3 आणि दगड 25! हा फरक खरं तर तुम्ही कुठं उभे आहात त्यानं पडतो. दगडाच्या इतक्या जवळ उभं राहूनही आजूबाजूची जमीन, मागचा डोंगर आणि वरचं आभाळ फ्रेममध्ये येऊ द्यायचं, एवढंच काम वाइड लेन्सचं. म्हणजे तिची निवड डोंगराकडे बघून करायची नाही. आपल्याला पुढच्या वस्तूच्या किती जवळ जाता येणार आहे, ते बघून करायची.

इथंच कासची अडचण येते. सप्टेंबरात सोनकी, गेंद, तेरडा फुललेला असतो, पण आखून दिलेली वाट सोडून सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, पाऊल टाकायचं नसतं, आणि ते योग्यच आहे. फुलं वितभर उंचीची, बरीचशी त्याहूनही ठेंगणी. वाटेवर उभं राहून, डोळ्याच्या उंचीवरून, अतिवाइड लेन्सनं फोटो काढला की फुलांचे ठिपके होतात आणि क्षितिजावर डोंगरांची एक रेघ राहते. अशा ठिकाणी मी मध्यम वाइड वापरतो आणि ट्रायपॉड गुडघ्याच्या खाली आणतो. मधला दांडा नसलेला, पाय पूर्ण फाकणारा ट्रायपॉड असेल तर वाटेच्या कडेवरूनच काम होतं. वाईजवळच्या मेणवलीला उलट आहे. घाटाच्या पायऱ्यांना कॅमेरा जवळजवळ टेकवता येतो, पायऱ्यांच्या रेघा कृष्णेपर्यंत घेऊन जातात, तिथं 40 ची लेन्स शोभते.

आता आकड्यांचा घोळ. पस्तीस एमएमच्या हिशेबात सांगायचं म्हणून लोक फ्रेमच्या कर्णावरून गुणतात. 50 ला 0.55 नं गुणलं की उत्तर येतं 27.5, मग माणूस समजतो की आपल्याकडे 28 ची लेन्स आली. पण सहा बाय सहाची फ्रेम चौरस आहे. पस्तीसची फ्रेम 36 मिलिमीटर रुंद, ही 56. नुसत्या रुंदीचा हिशेब केला तर तीच 50 एमएम साधारण 32 सारखी वागते; जास्तीचं सगळं वर आणि खाली मिळतं. डोंगररांगांसाठी तुम्ही फोटो शेवटी आडवा कापणार असाल, तर रुंदीच मोजा. सहा बाय सातवर तीच 50 एमएम रुंदीनं 26 सारखी पडते. डिजिटलमध्ये 44 बाय 33 चा सेन्सर असेल तर 45 म्हणजे जेमतेम 37, 30 म्हणजे 25 च्या आसपास, आणि 23 म्हणजे 19. पस्तीसवर वीसच्या खालची लेन्स तुम्ही वर्षातून किती वेळा काढत होतात, ते आठवा आणि मग 23 चा विचार करा.

एकच घ्यायची असेल तर माझं मत सरळ आहे. सहा बाय सहाला 50, पेंटॅक्स सिक्स-सेव्हनला 55, मामिया आरबीला 65, फुजी जीएफएक्सला 30. दुसरी वाइड घ्यायची घाई नको.

आरसा नसलेल्या वाइड कॅमेऱ्यांचंही पाहू. हॅसलब्लाडची सुपरवाइड 1954 पासूनची. तिच्यातली 38 एमएमची बायोगॉन लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसते, कारण लेन्समधलं दृश्य डोळ्याकडे वळवणारा आरसाच मध्ये नाही. पुढची-मागची रचना जवळपास सममित, त्यामुळं सरळ रेघ सरळच राहते. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात लेन्सला मागं जागा सोडावी लागते. म्हणून डिस्टॅगॉनसारखी रचना, आणि तिच्यात लेन्स मोठी नि जड होते. बायोगॉनची किंमत अशी की लेन्समधून दिसत नाही. अंतर अंदाजानं, लेन्सवरच्या मापावर लावायचं. मामिया सेव्हन या अशाच बिनआरशाच्या कॅमेऱ्याच्या 43 ला तर वेगळा व्ह्यूफाइंडर वर बसवावा लागतो. कलत्या एनडी फिल्टरची, म्हणजे फक्त आभाळ गडद करणाऱ्या अर्ध्या काळ्या काचेची, कड नेमकी कुठं येते, हे या दोन्हींत डोळ्यांना कळत नाही. पहाटेचं आभाळ टिपणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं. पोलरायझरचं, म्हणजे आभाळाचा निळा रंग गडद करणाऱ्या फिल्टरचं, तर बोलायलाच नको: 70 अंशांहून रुंद आभाळात तो एका बाजूला गडद निळा पट्टा काढतो, आणि तो पट्टा नंतर नीट निघत नाही.

शार्पनेसबद्दल. 50 एमएमला अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ 16 वर (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) आणि तीन मीटरच्या आसपास फोकस ठेवला, तर साधारण दीड मीटरपासून अनंतापर्यंत चालून जातं, असं लेन्सवरच्या खुणा सांगतात. त्या खुणा लहान प्रिंटसाठी आहेत. भिंतभर प्रिंट काढायचा असेल तर अॅपर्चर 22 ठेवून खुणा 11 च्या वाचा. शंभर मेगापिक्सेलच्या डिजिटलवर ही युक्ती अंगाशी येते. तिथं पिक्सेल 3.76 मायक्रॉनचा, एफ 11 च्या पुढं डिफ्रॅक्शननं, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यानं, कडा मऊ पडायला लागतात. मग लोक फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम एकत्र जोडणं, सुचवतात. कासच्या वाऱ्यात एक फूल दोन फ्रेममध्ये एका जागी राहिलेलं मला दाखवा! वारा असेल तिथं जरा मागं सरकणं हाच उपाय.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचा प्रश्न एका मुलीनं मघाशी विचारला, की वाइडनं त्या आत झुकतात, शिफ्ट लेन्स (कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी) घेऊ का? झुकतात, कारण तू कॅमेरा वर करतेस. कॅमेरा पाणसळीनं समपातळीत ठेव. पवनचक्की फ्रेमच्या वरच्या अर्ध्या भागात उभी राहील, खाली नुसती जमीन उरेल. ती जमीन कापून टाक. शिफ्ट लेन्स जे करते तेच झालं, आणि मिडियम फॉरमॅटमध्ये एवढं कापूनही भरपूर उरतं. चौरस फ्रेमवाल्यांना तर ही सोय आयतीच आहे. त्यासाठी लागणाऱ्यापेक्षा एक पायरी वाइड लेन्स हवी. मेणवलीसारखी जागा सोडली तर अतिवाइड घ्यायचं हे एकच कारण मला मनापासून पटतं.

जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत पाहा. महाबळेश्वर, बामणोलीकडच्या पावसाळ्यात बाहेर राहिलेल्या काचेवर बुरशीचे धागे दिसतात. कडेला इंद्रधनुषी चकाकी दिसली तर काचा जोडणारा थर सुटत चाललाय, ती घेऊ नका. शटर लेन्समध्येच असेल तर ते एका सेकंदावर लावून कानाशी धरा, आणि हे पहिल्याच दाबाला करा. बरेच दिवस पडून असलेलं शटर पहिल्यांदा अडखळतं, चार-पाच वेळा दाबल्यावर सुरळीत चालतं. विकणारा ते आधीच दाबून ठेवत असेल, तर लेन्स रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी पुन्हा ऐका.