घाम नेमका कशाचा?

या पुडीत मूठभर कच्चे तांदूळ आहेत. पहिल्या रांगेतल्या कुणीही चार दाणे तोंडात टाकून बघा, काही विशेष वाटणार नाही. पण समजा गावात चोरी झालीय, संशय तुमच्यावर आहे, सगळे भोवती जमलेत आणि तुम्हाला सांगितलंय, 'चाव आणि पानावर थुंक.' आता तोंडाला कोरड पडते, दाणे हिरड्यांना टोचतात. आपल्या स्मृतिग्रंथांत चोरीच्या आरोपासाठी हे तंदुल दिव्य सांगितलंय. थुंकीत रक्त दिसलं, अंग कापलं, की तो दोषी. मराठेशाहीतलं रवा दिव्य तुम्ही वाचलं असेल, उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा ते. तिथं हाताची कातडी तपासत. तांदळाच्या दिव्यात मात्र भीती तपासायची, आणि लाय डिटेक्टर, म्हणजेच पॉलिग्राफ, हा या तांदळाचा नातू आहे.

यंत्र म्हणून ते अगदी साधं आहे. १९२१ साली अमेरिकेत बर्कलीच्या पोलिसांत नोकरी करणाऱ्या जॉन लार्सन यांनी ते बनवलं. छातीला आणि पोटाला श्वास मोजणाऱ्या दोन नळ्या, दंडाला डॉक्टर बांधतात तसा रक्तदाबाचा पट्टा, आणि पुढे त्यात भर पडली ती बोटांना घाम टिपणाऱ्या दोन पट्ट्यांची. श्वास, रक्तदाब, नाडी, घाम. एवढ्या रेघा कागदावर उमटतात. पूर्वी शाईने, आता संगणकावर. खोटेपणाची अशी वेगळी रेघ त्यात नसतेच.

मी मानसशास्त्र शिकवायचो, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत फक्त घामाचं एक जुनं उपकरण होतं. प्रयोग असा: विद्यार्थ्याने एक ते दहातला एक आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि मी विचारेन त्या प्रत्येक आकड्याला 'नाही' म्हणायचं. काटा कुठे उसळतो ते बाकीच्यांनी बघायचं. एका वर्षी एक हुशार, भिडस्त मुलगी बसली. काटा पहिल्या आकड्याला उसळला, दुसऱ्याला उसळला, सगळ्यांनाच उसळला. शेवटी चिठ्ठी उघडली तर कोरी! घाईत तिने आकडाच लिहिला नव्हता, आणि आता ते उघड होणार म्हणून ती घामाघूम झाली होती. नंतर एक नाटकात काम करणारा मुलगा बसला. त्याचा काटा भलत्याच आकड्याला उसळला. मागाहून कळलं की त्या आकड्याला पठ्ठ्याने चपलेत अंगठा गच्च दाबला होता.

यंत्र फसवायची युक्ती ती हीच. लोकांना वाटतं, मुद्द्याच्या प्रश्नाला शांत राहायला पाहिजे. ते फार अवघड. परीक्षक 'खून तू केलास का?' या प्रश्नाच्या आगेमागे दुसरेही प्रश्न पेरतो. 'आयुष्यात कधी कुणाचा विश्वासघात केलास का?' असे. हिशेब असा की निर्दोष माणूस या मोघम प्रश्नांनी जास्त अस्वस्थ होईल आणि गुन्हेगार मुद्द्याच्या प्रश्नाने. तेव्हा ज्याला फसवायचंय त्याने मोघम प्रश्नाला जीभ चावायची, नाहीतर मनातल्या मनात सात-सात वजा करत उलटे आकडे मोजायचे. ती रेघ उंच गेली की खुनाची रेघ आपोआप ठेंगणी दिसते. ओहायो राज्यात एक माणूस पॉलिग्राफमध्ये नापास झाला म्हणून खुनाच्या गुन्ह्यात आत गेला. खरे गुन्हेगार सापडल्यावर १९८० साली सुटला. तुरुंगात असताना त्याने २७ कैद्यांना पंधरा-वीस मिनिटांत ही विद्या शिकवली. सगळ्यांनी गुन्हा केल्याचं त्याच्याजवळ कबूल केलेलं. त्यांतले २३ जण चाचणीत 'खरे' ठरले.

काहींना तर युक्तीचीही गरज पडत नाही. आल्ड्रिच एम्स हा सीआयएचा अधिकारी १९८५पासून सोव्हिएत रशियाला गुपितं विकत होता. १९८६ आणि १९९१, दोन्ही चाचण्या पास. रशियन हस्तकांना त्याने उपाय विचारला होता. त्यांनी काय सांगितलं? रात्री नीट झोप, शांत राहा, परीक्षकाशी गोडीनं वाग. बस. १९९४मध्ये तो पकडला गेला तो यंत्रामुळे नव्हे. सिएटल भागातला गॅरी रिजवे १९८४ साली पॉलिग्राफ पास झाला. २००१ साली डीएनएमुळे सापडला, आणि २००३ साली त्याने ४८ खून कबूल केले. आपण म्हणतो चोराच्या मनात चांदणं. काही चोरांच्या मनात कायम अमावास्याच असते, त्याला यंत्र काय करणार?

पण माझी खरी काळजी त्या कोऱ्या चिठ्ठीवाल्या मुलीची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने एक हिशेब मांडला होता. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असं धरा. त्यांतले आठ सापडतील इतकी चाचणी कडक केली, तर त्या आठांबरोबर सुमारे १६०० निरपराध माणसंही संशयित ठरतात. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथं जळतं ते बहुतेक ओलंच.

मग हे यंत्र टिकलं कशावर? धाकावर. १९७१ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन खासगीत म्हणाले होते की पॉलिग्राफ किती अचूक आहे ते मला ठाऊक नाही, पण लोकांची घाबरगुंडी उडते एवढं ठाऊक आहे. ध्वनिफितीत आहे ते. पोलिसांनाही रेघेपेक्षा, रेघ बघून माणूस जे बोलून जातो ते हवं असतं.

आपल्याकडे २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतल्या विद्युत्-लहरी टिपणाऱ्या चाचणीचा आधार घेतला, तेव्हा जगभर चर्चा झाली. मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ, मेंदूची चाचणी, काहीही सक्तीने करता येणार नाही. संमती लागेल, तीही न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, वकील घेऊन. निकाल उत्तम आहे. पण कोठडीत चार रात्री काढलेल्या माणसाची संमती म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. 'नाही' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, 'आरोपीचा चाचणीस नकार', आणि तो आपण चहा पिता पिता कसा वाचतो ते आपल्याला माहीत आहे.

मगाशी एकाने चिठ्ठी पाठवलीय: 'सर, तुम्ही निर्दोष असाल तर चाचणी द्याल का?' मुळीच नाही देणार. मी तीस वर्षं परीक्षांना पर्यवेक्षक होतो. कॉपी तपासणारं भरारी पथक वर्गात आलं, की पहिला घाम मला फुटायचा.